नाकातली नळी आणि माझे साडू

माझ्या साडूंविषयी चार ओळी लिहून द्या, असं त्यांच्या मुलीने सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. एक तर मला लिहायची सवय नाही. पत्रापलीकडे मी कधी गेलो नाही, आणि पत्रंसुद्धा बायको वाचून दुरुस्त करायची. दुसरं म्हणजे ते मला फारसे माहीतच नव्हते. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, एवढंच काय ते नातं. दोघी बहिणी स्वयंपाकघरात बोलत बसल्या की दोन साडूंनी बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसायचं, यापलीकडे साडूंची सोय कुणी केलेली नाही. असे आम्ही वर्षानुवर्षं बसलो. ते पंख्याकडे बघायचे आणि मी त्यांच्याकडे. ते कशाला घाबरायचे, एकटे असताना काय गुणगुणायचे, गुणगुणायचे तरी का, यातलं काही मला सांगता येणार नाही. एक दिवस मात्र मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्याजवळ होतो. तेवढा दिवस सांगतो. बाकीचं मुलीने दुसऱ्या कुणाला विचारावं.

साडू चहाच्या कंपनीत टेस्टर होते. म्हणजे चहा चाखायचा आणि माल घ्यायचा की सोडायचा ते सांगायचं, ही त्यांची नोकरी. मी एकदा त्यांची खोली पाहिली होती. लांबलचक टेबल, त्यावर पांढऱ्या कपांची रांग, प्रत्येक कपामागे त्या-त्या पत्तीचा नमुना. साडू कमरेत वाकून एकेका कपापाशी जायचे, चमचाभर चहा फुर्रकन ओढायचे, तोंडात घोळवायचे आणि पायाने ढकलत आणलेल्या चाकांच्या पिंपात थुंकायचे. मग एकच शब्द. ‘पोकळ.’ ‘करपट.’ ‘भरीव.’ त्या एका शब्दावर गोदामं भरायची किंवा रिकामी राहायची.

गिळायचं मात्र नाही. हा त्यांच्या धंद्याचा धर्मच. गिळला की पुढच्या कपाची चव कळत नाही म्हणे. नवख्या टेस्टरच्या घशाखाली चुकून घोट गेला तर बाकीचे त्याला ‘पाहुणा’ म्हणायचे, कारण चहा पितो तो पाहुणा. आणि ते नाव एकदा चिकटलं की निघायचं नाही. साडूंना कुणी कधी पाहुणा म्हटलं नव्हतं. मालक तर गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचे, “ह्या माणसाच्या पोटात आमच्या चहाचा थेंब नाही.”

घरी हा माणूस नुसतं पाणी प्यायचा. जेवण कसं झालंय विचारलं तर म्हणायचा, “झालंय.” माझी थोरली मेहुणी, म्हणजे ताई, म्हणायची, “जीभ ऑफिसात ठेवून येतात. घरी येतो तो नुसता डबा.”

दिवसभर वाकून त्यांची कंबर धरायची. त्यासाठी ते दुखणं थांबवायच्या गोळ्या घ्यायचे, त्याही सकाळी उपाशीपोटी, कारण काही खाल्लं तर जिभेवर साय धरते असं त्यांचं मत. पोट आतल्या आत सोलवटत होतं आणि जीभ स्वच्छ होती.

त्या दिवशी सकाळी एक कप ओढताच त्यांच्या हातातला चमचा पडला. पोट धरून ते टेबलावर वाकले ते वाकलेच. सगळे टेस्टर कामं सोडून बघायला लागले. मालकांनी विचारलं, “इतका वाईट आहे?”

मालकांनी म्हणे तो माल तिथल्या तिथे परत पाठवला. त्या बिचाऱ्या चहाचा काही दोष नव्हता.

साडूंना ज्या दवाखान्यात नेलं त्याच्या अगदी समोर माझी कचेरी, म्हणून फोन पहिला मला आला. मी पोचलो तेव्हा साडू खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते आणि श्वाससुद्धा बेतानं घेत होते. मग पोस्टातल्या नोकरीवरून ताई आली. तिच्यामागोमाग साडूंची थोरली बहीण आली, जिला सगळे आक्का म्हणत. आक्कांना कुणी कळवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना कळवावं लागत नसे.

पोटाचा एक्स-रे फोटो काढला, त्यात नको तिथे हवा दिसत होती. सर्जनबाई ठेंगण्या, शांत. त्यांनी हातमोज्यांच्या खोक्यावर पेनने चित्र काढून दाखवलं. “हे जठर. त्याच्यापुढे आतडं जिथे वळतं तिथे व्रण होता. त्याला आज भोक पडलं.” मग साडूंच्या नाकातून पोटात नळी घातली, तिच्यातून फोटोत दिसणारं औषध सोडून पुन्हा फोटो काढला. तो बघून बाईंनी भुवया उंचावल्या. औषध कुठेच बाहेर गळत नव्हतं.

“पोटातल्या चरबीची घडी सरकून भोकावर चिकटली असावी,” त्या म्हणाल्या. “शरीरानेच बूच मारलंय.”

“मग झालं तर,” आक्का म्हणाल्या.

“झालं नाही. आता दोन रस्ते आहेत. एक, आत्ता पोट उघडायचं, आत सांडलेलं धुऊन काढायचं, भोकावर चरबीचं ठिगळ शिवायचं. दुसरा, बूच टिकतंय का बघत थांबायचं. नळीने पोट रिकामं ठेवायचं, सलाईन, इंजेक्शनं, आणि मी स्वतः येऊन पुन्हा पुन्हा पोट दाबून बघणार. पोट फळीसारखं कडक झालं, ताप चढला, नाडी पळायला लागली, की लगेच उघडायचं.”

ताई म्हणाली, “शिवून टाका. बूच आज बसलंय, उद्या निघालं म्हणजे?”

“अगं, देवाने बसवलेलं बूच हे लोक काढून परत बसवणार,” आक्का म्हणाल्या. “एकदा पोट उघडलं की आत वारा शिरतो. मग माणूस कायमचा ढेकर देत राहतो.”

“आक्का, तुमचा भाऊ आहे तो, सोडा वॉटरची बाटली नाही.”

“म्हणूनच म्हणते, झाकण काढू नका.”

दोघींनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “तुमचं दोघींचंही बरोबर आहे.”

त्यांनी हे बोलायला नको होतं. एकीचं चूक म्हणाल्या असत्या तर दुसरी गप्प बसली असती. आता दोघी जास्तच बोलायला लागल्या. मला वाटतं बाईंनाही धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असंच झालं होतं. उशिरा उघडलं तर जिवावर बेतू शकतं, आणि जे आपोआप भरत आलंय ते उगाच कापण्यातही शहाणपण नाही, असं त्यांनी मला नंतर समजावलं. मी मान हलवली. मला कुणी समजावलं की मी मान हलवतो.

शेवटी त्यांनी साडूंनाच विचारलं. एका शब्दावर गोदामं भरणारा तो माणूस छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, “तुम्हीच बघा.”

“मग संध्याकाळपर्यंत थांबू,” बाई म्हणाल्या. “पण तोंडाने काही म्हणजे काही घ्यायचं नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही.” सिस्टरने खाटेच्या डोक्याशी पाटी लावली: ‘तोंडाने काही देऊ नये.’ नळीचं दुसरं टोक खाटेच्या कडेला टांगलेल्या पिशवीत होतं. तिच्यात पोटातला हिरवट रस थेंबथेंब उतरत होता.

दुपारी ताई आणि आक्का औषधं आणायला खाली गेल्या. एकमेकींवर विश्वास नसल्यामुळे दोघी गेल्या. मी खाटेशी बसून होतो. तेवढ्यात दारातून आधी एक मोठा ट्रे आला, मागून मालक, आणि त्यांच्यामागे दुसरे टेस्टर. ह्या गृहस्थांना सगळे किटली म्हणत. अंगाने तसेच होते, आणि त्या दिवशी त्यांच्या नाकातून पाणीही गळत होतं.

ट्रेवर झाकलेले तीन कप होते.

मालकांनी पाटी नीट वाचली. आधी डोळे बारीक करून, मग चष्मा लावून. “हे पिण्याबद्दल आहे,” ते म्हणाले. “आपला प्रश्न नाही.”

“साहेब, तोंडाने काही देऊ नये असं आहे,” मी म्हणालो. माझा आवाज बारीक आहे.

“देत कुठे आहोत? परत घेणार आहोत.” त्यांनी खिशातून चमचा काढला. “तीन ठिकाणचा माल दारात उभा आहे. संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगायचंय. किटलीला सर्दी. त्याला पत्ती आणि भुसा सारखाच.”

किटलीनं खाली मान घालून नाक पुसलं.

साडूंनी चमचा बघितला आणि कोपरावर उठले. पोटात भोक, नाकात नळी, हातात सुई, तरी त्यांनी तो फुर्रकन आवाज असा काढला की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा दचकून जागा झाला. घोळवला. उलटीसाठी ठेवलेल्या भांड्यात थुंकले. दुसरा कप. तिसरा. तिसऱ्याच्या वेळी सिस्टर दारात उभी होती.

सिस्टर ओरडली नाही. नुसती वळली आणि बाईंना घेऊन आली. त्यांच्यामागोमाग ताई आणि आक्काही आल्या.

“चहा प्यायलात?” बाईंनी विचारलं.

“चाखला,” साडू म्हणाले.

“फरक काय?”

मालकांना धक्काच बसला. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नसावा. “बाई, अहो हे गिळत नाहीत. यांच्या पोटात आमचा थेंब नाही.”

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “पोटात नळी आहे. पोटात जे आहे ते पिशवीत येईल.”

झालं. सगळे पिशवीकडे बघत बसले. मी बऱ्याच दवाखान्यांत बसलोय, पण सहा माणसं एका पिशवीसमोर अशी बसलेली कधी पाहिली नाहीत. हिरवट रस उतरत होता, उतरत होता. मालक समाधानाने मान डोलवायला लागले. आणि मग नळीतून तपकिरी रंगाची एक बारीक रेघ हळूहळू खाली सरकली आणि पिशवीत पडून पसरली.

“गिळलात,” ताई म्हणाली.

“मी गिळत नाही,” साडू म्हणाले.

आता बाईंनी सरळ खुर्ची ओढली. त्यांचा चेहरा बदलला होता. “जरा ऐका. व्रणातून रक्त झिरपलं आणि पोटातल्या आम्लात मिसळलं, तर असाच तपकिरी रंग येतो. हा चहा असेल तर काही घोट आले आणि गेले, मी थांबायला तयार आहे. पण यांनी गिळलाच नसेल तर हे रक्त आहे. भोकही आणि रक्तही, असं असेल तर मी वाट बघणार नाही. पोट उघडणार.”

त्यासरशी खोलीतली सगळी माणसं फिरली. आक्का म्हणाल्या, “माझा भाऊ लहानपणापासून खोटारडा आहे. प्यायलाच असणार.” ताई म्हणाली, “अहो, प्यायला असाल तर सांगा. मी काही बोलणार नाही.” हे वाक्य मी ताईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

“मी गिळत नाही,” साडू म्हणाले, आणि मालकांकडे बघितलं.

“बरोबर आहे,” मालक म्हणाले. “आमचा माणूस गिळणार नाही. किटली, जरा बघा.”

किटली उठला. त्याने पिशवी हुकावरून न काढता खिडकीच्या उजेडाकडे तिरपी केली, एक डोळा मिटला. मग नाक जवळ नेलं. “वासाचं काही सांगता येत नाही. मला सकाळपासून कापूस हुंगल्यासारखं होतंय. रंग तांबूस आहे. पण तेज नाही.”

“आपल्या तिन्ही मालांना तेज आहे,” मालक म्हणाले. “म्हणजे हा आपला नव्हेच.”

“म्हणजे रक्त,” बाई म्हणाल्या.

मालकांचं तोंड उघडं राहिलं. इतका वेळ आपण काय सिद्ध करतोय हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बाईंनी सिस्टरला ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं, पिशवीतलं थोडं तपासायला पाठवलं, पण उत्तराची वाट बघायला त्या तयार नव्हत्या. सगळ्यांना बाहेर काढलं. मला कुणी काढलं नाही. मी असलो तरी खोलीत कुणी आहे असं लोकांच्या लक्षात येत नाही.

“साडूबुवा,” साडू हळूच म्हणाले.

“काय?”

“गेला.”

“काय गेला?”

“घोट. दुसऱ्या कपाचा. आणि तिसऱ्याचा अर्धा.”

“चुकून?”

“नाही. सकाळपासून घसा वाळलाय. तोंडात आला, म्हटलं आता हा बाहेर कशाला टाकायचा.” मग छताकडे बघत म्हणाले, “बरा होता.”

“मग सांगा की बाईंना.”

“मालक बाहेर उभे आहेत.”

“अहो, पोट फाडतील.”

“पोट शर्टाखाली असतं,” साडू म्हणाले. “पाहुणा म्हणतात ते तोंडावर म्हणतात.”

त्यांचं बोलणं मला पटलं म्हणायचं का? थोडंसं पटलंही. माणूस ऑपरेशनला भीत नव्हता, किटलीच्या हसण्याला भीत होता. तरी मी उठलो, कारण बाहेर ताई भिंतीला टेकून उभी होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. सकाळी हीच शिवून टाका म्हणत होती.

मी बाईंना एका बाजूला गाठलं आणि कुजबुजलो. बाई हात धूत होत्या, पाण्याचा आवाज होता. “मोठ्याने सांगा,” त्या म्हणाल्या. मी थोडं मोठ्याने सांगितलं. “आणखी.” मग मी आयुष्यात कधी बोललो नाही इतक्या मोठ्याने म्हणालो, “साडूंनी चहा गिळला.”

आक्कांनी ताईचा हात धरला. किटलीच्या मिशा हलल्या. मालक माझ्याजवळ आले. मला वाटलं आता हे मला काहीतरी बोलणार.

“कुठल्या कपाचा?” त्यांनी विचारलं.

“दुसऱ्याचा. आणि तिसऱ्याचा अर्धा घोट.”

मालकांनी चमचा पुसून खिशात टाकला. मग किटलीला म्हणाले, “ज्याने आजवर कधी गिळला नाही, त्याने पोटाला भोक असताना गिळला. आणखी काय सांगायचं राहिलं? दुसरा सगळा घ्या. तिसरा अर्धा.” आणि ट्रे घेऊन ते चालायला लागले. पहिल्याचं काय, हे किटलीनं जिन्यातून विचारलेलं मला ऐकू आलं. पहिला थुंकला होता.

बाईंनी पुन्हा येऊन पोट दाबलं. सगळीकडे हळूहळू, चेहरा साडूंच्या चेहऱ्याजवळ ठेवून. नाडी मोजली. “मऊ आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावर माझा विश्वास नाही, पोटावर आहे. तयारी थांबवा.” तपासणीत रक्त नाही असं नंतर आलं. दिवस कलताना त्यांनी पुन्हा दाबलं, तेव्हाही मऊच होतं, ताप नव्हता. ताई दारामागे जाऊन नाक शिंकरून आली आणि म्हणाली, सर्दी किटलीची लागलीय.

साडूंचं पोट शेवटपर्यंत उघडावं लागलं नाही. पुढे व्रणाच्या गोळ्या मिळाल्या, दुर्बीण घालून तपासलं, कमरेच्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या, आणि सकाळी काही तरी खाऊन कामावर जायचं ठरलं. जिभेवर साय धरली असेल, पण तक्रार कुणी केली नाही. ऑफिसात मात्र ते निवृत्त होईपर्यंत पाहुणेच राहिले. त्यांच्या निरोपाच्या दिवशी किटलीनं त्यांच्यासाठी खुर्ची मांडली आणि बशीत बिस्किटं ठेवून कप पुढे केला. साडू बसले आणि सगळ्यांच्या देखत पूर्ण प्यायले. हे ताईने सांगितलं, मी तिथे नव्हतो. आम्ही पुन्हा बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसायला लागलो होतो. त्या दिवसाविषयी ते माझ्याशी एकदाही बोलले नाहीत. मी मोठ्याने ओरडलो याचा त्यांना राग होता का, मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी ते झोपेतच गेले. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. मला हर्निया झाला आहे, तो तेव्हाही होता.

“ऑपरेशनचं काय ठरलं?” त्यांनी विचारलं.

“डॉक्टर म्हणतात आत्ता केलं तरी चालेल, थांबलं तरी चालेल. तुम्हाला काय वाटतं?”

“दुखतं का?”

“खोकलं की.”

“मग थंडी पडायच्या आत करून टाका.”

“बरं.”

“आणि उशी घरची न्या. तिथल्या दगडासारख्या असतात.”

“नेतो.”

“ठेवतो आता. दारावर कुणीतरी आलंय.”

“ठेवा,” मी म्हणालो.